रबर रोलरवर चिकटवलेल्या शिमला (अगदी पातळ पत्र्याला) सुरकुत्या येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाला आतून मऊ, वरून आरशासारखा रोलर हवाय. म्हणून ६० मिमीच्या लोखंडी शाफ्टवर १२ मिमी रबर आणि त्यावर ०.०५ मिमीचा स्टेनलेस शिम गुंडाळून चिकटवला. गोंद १२० अंशांवर पक्का होतो, म्हणून ओव्हनमध्ये ठेवला. काढला तेव्हा झकास होता. चहा पिऊन येईतो शाफ्टच्या लांबीला धरून वळ्याच वळ्या! गोंद कुठंही सुटलेला नाही, पत्र्यासकट रबरच वरखाली झालंय. व्हर्निअर लावला तर दोन वळ्यांत ९ ते १० मिमी, सगळीकडं तेवढंच.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा, पत्र्याला बारीक वाकायचं नसतं आणि रबराला मोठी लाट परवडत नाही, मग मधलं अंतर ठरतं. कडकपणा पोलादाचा २०० गिगापास्कल, रबराचा २ मेगापास्कल धरून त्यानं जाडीच्या १९० पट काढली. म्हणजे साडेनऊ मिमी. जुळलं की!

घोळ पुढंच आहे. त्याच गणितानं वळ्या उठायला ०.०२७ टक्के आकुंचन पुरतं. रबर पोलादाच्या दहापटीहून जास्त आकसतं. शाफ्टला धरून असल्यानं लांबीत आकसता येत नाही, सगळं जाडीत जातं आणि घेर उतरतो. ९० अंश निवताना अर्धा टक्का तरी गेलाच. पत्रा बिचारा जाणार कुठं?

शेजारचे सगळे सांगतात, जाड शिम लाव. भाचा म्हणतो, त्या ०.०२७ मध्ये जाडी येतच नाही, नुसतं अंतर वाढेल. पण ०.१ मिमीला अंतर १९ मिमी येतं आणि खाली रबर १२ मिमीच. तिथं हे गणित चालतं काय?

निपाणीकर: तंतोतंत नाही चालत दादा. ते खोल रबर धरून मांडलेलं असतं. खाली शाफ्ट लागला की आधार कडक होतो, मर्यादा थोडी वाढते, पण अर्ध्या टक्क्यापर्यंत काही जात नाही. शिम राहू दे, गोंद बदला. खोलीच्या तापमानाला बसणारा घ्या आणि रोलर थोडा गार करून चिकटवा. नंतर रबर फुगलं की शिम उलटा ताणात राहील.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. आइस्क्रीमवाल्या मित्राचा डीप फ्रीझर मिळेल, पण गार रबरावर दव धरणार, त्यावर गोंद बसेल काय? आणि रोलर साडेतीन फुटी आहे, फ्रीझरचं झाकण लागणार नाही.