मदत हवी आहे: भाच्यासाठी जुनं, पण आता कुणी ठेवत नाही असं नाव

नमस्कार मंडळी,

नुकतीच आत्या झाले आहे. म्हणजे बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं काम माझं आणि पाठीत धपाटेही मलाच. बाळ जरा घाईने आलं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, त्यामुळे बाराव्या दिवसाचं बारसं हुकलं. आता पंधरा दिवसांत करायचं ठरलंय आणि नावाचा पत्ता नाही.

दादा-वहिनीची अट एकच. आरव, अद्विक, विवान या रांगेतलं नको. वहिनी शाळेत शिकवते. तिच्या वर्गात तीन आरव आहेत, त्यांना ती आडनावाने हाक मारते. जुनं हवं, अर्थ हवा, पण पोराची चेष्टाही व्हायला नको. कुलदैवत खंडोबा, म्हणून आधी मल्हार ठरत होतं. पण आमच्या सोसायटीतच दोन मल्हार निघाले.

आत्तापर्यंतची मजल सांगते. मोरेश्वर म्हणजे मोरगावचा गणपती. जुन्या कागदांत त्याचं मोरो होतं, जसे आपले आर्यावाले मोरोपंत. वहिनीला नुसतं 'मोरो' फार आवडलं. आई म्हणाली, "मोरी तुंबल्यासारखं वाटतं." संपलं. हेरंबही गणपतीच, दीनदुबळ्यांचा पाठीराखा. दादाला जड वाटतं. अच्युत म्हणजे न ढळणारा. त्यावर दादा म्हणाला, "पाचवीतली मुलं याचं काय करतील ते तुला माहीत नाही." कान्होजी आंग्र्यांमुळे कान्होजीला वजन आहे, पण त्यातला 'जी' ठेवायचा की काढायचा यावरच संध्याकाळ गेली.

माझ्या मनातलं नाव मार्तंड. मार्तंड म्हणजे सूर्य, आणि खंडोबाचं मार्तंड भैरव हे रूप तर घरचंच. सगळे तयार झाले होते. मग वहिनीने मोबाइलवर अर्थ शोधला आणि 'मृत + अंड' अशी फोड निघाली. तीन आठवडे त्या पेटीशेजारी बसलेली बाई ती. फोन उलटा ठेवला आणि उठून गेली. त्यानंतर विषय काढायची कुणाची हिंमत नाही.

ही फोड खरी आहे का? खरी असेल तर दुसरं काय सुचवाल? आणि गुरुजींनी हस्त नक्षत्राचा चौथा चरण, अक्षर 'ठ' काढून दिलंय. त्याचं काय करू?

प्रतिसाद: घाटमाथा

अभिनंदन, आत्याबाई! हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मला असता तर 'ण' आला असता, तेव्हा ठ गोड मानून घ्या. ते नावरस नाव. पत्रिकेत ठाकूरदास लिहा आणि विसरा. आमच्या नातेवाइकांत एकाला त्याचं नावरस नाव लग्नाच्या वेळी कळलं.

आणि घाई कसली? जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. मात्र दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एकदाच नीट ठरवून द्या. पुढे दुरुस्तीला जोडे झिजतात.

प्रतिसाद: जुनी_वही

फोड खरी आहे, पण वहिनींनी गोष्ट अर्धीच वाचली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 72वं सूक्त बघा. अदितीला आठ मुलगे. सातांना घेऊन ती देवांकडे गेली, आठवा मार्तंड तिने दूर टाकला आणि मग त्यालाच परत आणलं. याच्यात जीव नाही असं ज्याच्याबद्दल वाटलं, तोच सूर्य. तुमच्याकडचा बाळही आता पेटीतून घरी आलाय ना? वहिनींना एवढंच सांगा, आग्रह करू नका.

आपल्याकडे अशी नावं नवी नाहीत. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवायचे. दगडधोंड्याला, केराला कोण नेणार, हा हिशेब. धोंडो नावाला आज नाकं मुरडतात, पण धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले आणि 1962 पर्यंत होते.

दुसरं नाव हवं असेल तर सारंगधर बघा. मूळ शार्ङ्गधर, शार्ङ्ग हे विष्णूचं धनुष्य. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला शार्ङ्गधर बालाजीचं देऊळ आहे. हाक मारायला आयतं सारंग.

प्रतिसाद: पाटावरवंटा

यादी घरातच शोधा की. श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात, ती वडिलांना पाठ असतील. त्याच्या मागची हवी असतील तर त्र्यंबकेश्वराला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये गाठा, त्यांच्या वह्यांत सापडतील. आम्हाला तिथे विसाजी मिळालं. ठेवलं नाही, पण मिळालं.

हाकेची चिंता नको. नातवाला आजोबांचं नाव, आणि सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तर घरोघर बाळ, नाना, तात्या झाले. टिळकांचंही पाळण्यातलं नाव केशव होतं, राहिलं बाळच.

धागाकर्ती

जुनी_वही, तुमचा प्रतिसाद वहिनीला नुसता पाठवला, वर काही लिहिलं नाही. रात्री अकराला तिचा उलट निरोप: "सूक्ताचा आकडा 72 च ना?" सकाळी दादा म्हणाला, ती बाळाला मांडीवर घेऊन मार्तंड, मार्तंड असं हळू म्हणून बघत होती.

वडिलांना विचारलं. पणजोबा धोंडोच निघाले! ते आम्ही मधलं नाव म्हणूनसुद्धा घेणार नाही, क्षमस्व.

आता नवा पेच. मार्तंडची हाक काय? दादाने 'मारू' काढलंय. "मारू, इकडे ये" असं जिन्यात ओरडलं तर शेजारी काय समजतील? बारसं रविवारी आहे, लवकर सुचवा.