कॅज्युअल्टीत काय चुकलं? सीमाभागातले अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागात रात्री-अपरात्री पेशंट घेऊन कॅज्युअल्टीत, म्हणजे दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, पळालेल्यांनी लिहावं. दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव नको. कुणी काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं, ते बारकाईनं सांगा. 'सगळे लुटारू' छापाचं नको, ते आपण एरवी बोलतोच.

खानापूर तालुका
आमचं गाव जंगलाला लागून. पावसाळ्यात चुलतभाऊ भुईवर झोपलेला, पहाटे उठला तो "पोट दुखुलालंय" म्हणतच. कॅज्युअल्टीत पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवलं. अंगावर खूण नाही, सूज नाही. सापाचा विषयच निघाला नाही. उजाडता उजाडता पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. सिस्टर म्हणाल्या, जागरण झालंय, झोपू दे. दुसऱ्या पेशंटबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रात्री खाली निजला होता काय रे?" तिथून धावपळ सुरू झाली. त्यातही रक्त नळीत २० मिनिटं ठेवून बघितलं, ते नीट गोठलं, म्हणून विष नाही असं ठरवलं! घोणस चावली तर रक्त गोठत नाही. त्याला चावलेली मण्यार; तिचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथं ही तपासणी नॉर्मलच येणार. शेवटी व्हेंटिलेटर लागला. वाचला, पण पहाटे कुणी पापण्या बघितल्या असत्या तर एवढं झालं नसतं असं मला आजही वाटतं.

निपाणी
आईला साखर होती. जबडा दुखत होता, दरदरून घाम. एक ईसीजी काढला, नॉर्मल आला, ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला नेताना वाटेतच गेली. पुढं कळलं, पहिला ईसीजी साधा आला तरी थोड्या वेळानं परत काढायचा असतो, आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढायलाही काही तास जातात. तिला थांबवूनच घेतलं नाही. कागद म्हणून फक्त औषधाची चिठ्ठी आहे.

अथणीकडचा
अपघात. "आधी पोलीस येऊ देत, डिपॉझिट भरा." तसंच मिरजेला पळवलं.

कॅज्युअल्टीत नोकरी केलेली, बेळगाव
दुसरी बाजूही लिहिते. रात्री एक डॉक्टर, आणि एकदम तीन गाड्या येतात. सगळ्यात जास्त चुका ड्युटी बदलताना होतात. आधीच्या सिस्टरनं दिलेलं इंजेक्शन केसपेपरवर चढलं नाही, म्हणून तेच परत दिलेलं मी बघितलंय. आणि नातेवाइकांनी एकदा कॉलर धरली की पुढच्या अवघड पेशंटला हात न लावता मोठ्या दवाखान्यात पाठवतात. हेही खरं.

धागा काढणारा
अथणीकर, जखमीवर आधी उपचार, पोलिसांचं नंतर, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. खाजगी डॉक्टरांनाही ते लागू आहे.
निपाणीकर, लेखी अर्ज करा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत कागद द्यायला लागतात. पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे दवाखाना कोल्हापूर-मिरजेचा असला तरी बेळगावात.

निपाणी
अर्ज दिला. पोच द्यायला तयार नव्हते, आता स्पीड पोस्टानं पाठवतोय.