केंद्रीय विद्यालयातली प्रार्थना: सक्ती चालते का?

वायफळ वकील: केंद्रीय विद्यालयांत सकाळी असेंब्लीत हात जोडून, डोळे मिटून 'असतो मा सद्गमय' म्हणावं लागतं, त्याविरुद्ध जबलपूरच्या एका वकिलाने सुप्रीम कोर्टात याचिका केली, २०१९च्या जानेवारीत ती मोठ्या बेंचकडे पाठवायचं ठरलं. घटनेचं कलम २८(१) म्हणतं पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण नको. माझ्या मते सरकारी शाळेने कुठलीच प्रार्थना घेऊ नये, विषय संपला.

चहाबाज: संपला कसा? असत्याकडून सत्याकडे ने, यात कुठला देव आला? सरकारचे वकील तुषार मेहतांनी कोर्टात सांगितलंच की, कोर्टाच्या बोधचिन्हावर 'यतो धर्मस्ततो जयः' आहे, आणि ते महाभारतातलं आहे. मग ते पण पुसायचं का आता?

मागचा बाक: बोधचिन्हासमोर कोणी डोळे मिटायला लावत नाही हो. आमच्या शाळेत पीटीचे सर छडी घेऊन ओळीतून फिरायचे, डोळा किलकिला दिसला की पोटरीवर सट्टकन. श्लोकाचं काय घेऊन बसलात, प्रॉब्लेम छडीचा आहे!

चहाबाज: छडी बंद करा, प्रार्थना कशाला? आणि कायदाच काढायचा तर २८(१)मध्ये फक्त 'शिक्षण' आहे, 'उपासना' येते ती २८(३)मध्ये. घटना लिहिणारे काय झोपेत होते?

वायफळ वकील: म्हणजे अनुदानित शाळेतल्या पोराला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही आणि शंभर टक्के सरकारी शाळेत बिनधास्त येतं?? उलटी गंगा आहे ही. केरळात 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिश्चन पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण म्हणायची नाहीत, शाळेने काढलं, १९८६ला सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. नाशिकच्या एका मास्तरांनी प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून वरची वेतनश्रेणी अडवलेली, हायकोर्टाने त्यांची बाजू घेतली. राष्ट्रगीताला सूट मिळते तर याला का नाही?

चहाबाज: सूट द्या ना, कोण नाही म्हणतंय. ज्याला नको त्याने वर्गात बसावं, पण एकाला नको म्हणून सगळ्यांची बंद हे काही पटत नाही बुवा.

मागचा बाक: वर्गात बसवलं की डबा खायच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शाळेला कळतं की हा 'तो'. त्यापेक्षा सगळ्यांनीच दोन मिनिटं शांत उभं राहायचं, ज्याला जे म्हणायचं ते मनात.

चहाबाज: चौथीची पोरं, दोन मिनिटं, शांत?? कधी असेंब्ली घेतलीये का तुम्ही 😂