निवृत्तीनंतर कुठे राहायचं हे कशावरून ठरवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवरा पुढच्या वर्षी रिटायर होतोय, माझी नोकरी मी आधीच सोडली आहे, मुलगी दुसऱ्या शहरात आणि मुलगा परदेशात, आणि आता कायमचं कुठे राहायचं यावर आमचं बरेच महिने बोलणं चाललंय. भांडण नाहीये पण गाडी पुढेही सरकत नाहीये, म्हणून इथे विचारते. गावांची नावं मुद्दाम देत नाही, नाव घेतलं की सगळी चर्चा तिथल्या हवापाण्यावर आणि रस्त्यांवर जाते आणि मला त्याच्या आधीचं विचारायचंय, की जागा निवडताना नक्की कोणत्या वयातल्या, कोणत्या अवस्थेतल्या स्वतःला डोळ्यासमोर ठेवायचं?

आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला नवऱ्याच्या मनातला, डोंगराजवळ एक छोटं बैठं घर, मागे थोडी जागा, झाडं लावायची, वाचायचं, सकाळी लांब फिरायला जायचं. त्याने सगळं आयुष्य गर्दीत धक्के खात नोकरी केलीये, त्याला शांतता हवीये आणि ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही. दुसरा पर्याय मुलीच्या शहरात, तिच्या घरापासून चालत जाता येईल असा फ्लॅट. तिसरा म्हणजे आहे तिथेच राहायचं आणि हेच घर म्हातारपणाला सोयीचं करून घ्यायचं.

माझं अडतंय ते असं. आमच्या ओळखीतलं एक जोडपं रिटायर झाल्यावर असंच डोंगराजवळ राहायला गेलं. सुरुवातीची वर्षं खरंच सुंदर गेली त्यांची, आम्ही जाऊन राहिलोय, दोघंही खूश होते. मग काका अचानक गेले. काकूंना गाडी येत नव्हती, औषधाचं दुकानसुद्धा गाडीशिवाय जाण्यासारखं नव्हतं, आणि आजूबाजूची निम्मी घरं सुट्टीला येणाऱ्यांची, एरवी कुलूप. काकूंनी बरेच दिवस नेट धरला पण शेवटी मुलाकडे जावं लागलं आणि ते घर अजून विकलं गेलेलं नाही कारण तिथे घर घेणारी माणसंच कमी. मला त्यात घर निवडण्याची चूक अशी दिसत नाही, दोघांसाठी ते घर बरोबरच होतं, पण एकटीसाठी ते घर नव्हतं आणि घर घेताना हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच कसोटी बसली आहे. आम्हा दोघांपैकी कोणीही एक, पंच्याहत्तरीच्या पुढे, गाडी न चालवता, या जागी एकटं राहू शकेल का? जगभरात बायका पुरुषांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं जास्त जगतात आणि मी नवऱ्याहून वयाने लहान आहे, म्हणजे साध्या हिशोबाने शेवटची काही वर्षं मी एकटी असण्याची शक्यता जास्त. पण उलटंही होऊ शकतं आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. शेजारीपाजारी, नातेवाईक, मित्रमंडळी, सगळे फोन मीच करते, तो माणूसघाणा नाहीये पण आपणहून जाऊन कोणाशी बोलणारा नाही. मी नसताना त्या शांत घरात दिवसचे दिवस कोणाशी एक शब्द न बोलता जातील त्याचे.

हे मी बोलले तर तो म्हणतो तू आत्तापासून शेवटाचाच विचार करतेस. आणि त्याचा पुढचा मुद्दा मला खोडता येत नाही. तो म्हणतो साठ ते पंच्याहत्तर ही धडधाकट वर्षं आहेत, शेवटच्या चार-पाच वर्षांच्या भीतीने ती पंधरा वर्षं का घालवायची, आधी मनासारखं जगू आणि जमेनासं झालं की हलू.

यावर वाचताना मला लिटवाक आणि लाँजिनो या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये मांडलेली गोष्ट सापडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे निवृत्तीनंतरची स्थलांतरं साधारण तीन प्रकारची असतात. पहिलं तब्येत आणि जोडीदार दोन्ही असताना, आवडीच्या जागी. दुसरं दुखणी वाढल्यावर किंवा जोडीदार गेल्यावर, मुलांजवळ. आणि तिसरं, घरच्यांना झेपेनासं झालं की शुश्रूषेची सोय असलेल्या संस्थेत. अर्थात प्रत्येक जण तिन्ही करतोच असं नाही. हे नवऱ्याला दाखवलं तर तो खूश, म्हणाला बघ मी हेच सांगतोय, एका घराने सगळं आयुष्य भागवायचं असं कुठे लिहिलंय. आणि मला त्यातच धोका दिसला. दुसरं स्थलांतर येतं ते नेमकं आपण सगळ्यात खचलेले असताना. होम्स आणि राहे यांचा 1967 चा ताणाचा तक्ता बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण, निवृत्तीला 45 आणि राहतं घर बदलायला 20. घर बदलण्याचा ताण एरवी झेपण्यासारखा आहे, मान्य, पण तो त्या 100 च्या पाठोपाठ आला तर? तेव्हा सामान कोण आवरणार, घर कोण विकणार, नव्या जागी ओळखी करायचं बळ कुठून आणणार? आत्ता साठीच्या आत हललो तर निदान दहा-पंधरा वर्षं मिळतात त्या जागी मुळं धरायला.

हवामानाबद्दल एक सांगते कारण प्रत्येक जण आधी तेच सुचवतो, छान हवा आहे तिथे जा म्हणून. श्केड आणि कानमन यांचा 1998 चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या मध्य-पश्चिम भागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की कुठली माणसं जास्त सुखी असतील. दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्निया सांगितलं, हवेमुळे. पण स्वतःच्या आयुष्यावर किती समाधानी आहात विचारल्यावर दोन्ही गट सारखेच निघाले. आपण एखाद्या जागेचा विचार करतो तेव्हा जे उठून दिसतं त्यालाच जास्त वजन देतो, आणि तिथे राहायला लागल्यावर दिवस जातो तो बाकीच्याच गोष्टींत, कोण भेटतं, काय करायला मिळतं, कुठे जाता येतं त्यात. अर्थात हवेचा काहीच संबंध नाही असं नाही. वय वाढतं तशी तहान कमी जाणवते, घामही कमी येतो, त्यामुळे कडक उन्हाळा आणि दमट उकाडा म्हाताऱ्या माणसाला तरुणांपेक्षा जास्त बाधतो. डोंगराबद्दल लोक विरळ हवेची भीती घालतात पण तो त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होतो, आम्ही बघतोय ती जागा त्याच्या खूपच खाली आहे. मला तिथे भीती आहे ती उताराची, गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं, आणि तिथे घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार, सपाट रस्ता नाहीच.

मग हॉस्पिटल. नवऱ्याला बीपी आहे म्हणून हे मी जरा खोलात बघितलं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतोच कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. म्हणजे हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे एवढं विचारून भागत नाही, तिथे रात्री दोन वाजता सीटी स्कॅन चालू असतो का आणि तो बघून निर्णय घेणारा डॉक्टर असतो का हे विचारायला हवं. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते परत परत जावं लागणारं दुखणं. डायलिसिस म्हटलं तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. फिजिओथेरपी, डोळे, दात, सगळ्याच्या फेऱ्या. इमर्जन्सीत कोणीही धावून येतं, पण दर सोमवार-बुधवार-शुक्रवार कोण नेणार? यावर कोणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल.

मुलीच्या शहराबद्दल. लेकीशी मोकळेपणाने बोलले, ती म्हणाली आई तुम्ही जवळ आलात तर मला आनंदच आहे पण फक्त माझ्या भरवशावर येऊ नका, उद्या माझी बदली झाली तर तुम्ही अनोळखी शहरात अडकाल. मला तिचं पटलं आणि तिने स्पष्ट सांगितलं याचं बरं वाटलं. दुसरी गोष्ट भाषेची. तिथे रोजचा व्यवहार आमच्या भाषेत होत नाही. आत्ता चालून जाईल, आम्हाला ती भाषा कामापुरती येते. पण सासूबाईंना विस्मरण झालं तेव्हा बघितलंय, दोन भाषा उत्तम बोलणारी बाई, शेवटी शेवटी फक्त मातृभाषाच उरली. डिमेन्शियात असं पुष्कळांचं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. तेव्हा मदतीला येणारी बाई, नर्स, शेजारी यांच्याशी बोलताच आलं नाही तर ती केवढी कोंडी. हा मुद्दा कुठल्याच यादीत मला दिसला नाही म्हणून मुद्दाम लिहिलाय.

आणि आहे ते घर. सगळे म्हणतात इथेच राहा, ओळखी आहेत, पायाखालचा रस्ता आहे. खरं आहे. म्हातारपणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ लॉटन यांचं म्हणणं वाचलं होतं, माणसाची क्षमता जितकी कमी होते तितका आजूबाजूच्या परिस्थितीचा त्याच्यावर जास्त परिणाम होतो, आणि ते आमच्या बिल्डिंगला तंतोतंत लागू आहे. लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या. आत्ता लक्षातही येत नाहीत. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी असं प्रमाण धरतात, आमच्या तीन पायऱ्या मिळून 45 सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर लांब उतार, तेवढी जागाच नाहीये तिथे. बाथरूमचं दार अरुंद आहे, व्हीलचेअर आत जायला साधारण 80 सेंटीमीटर मोकळी रुंदी लागते. दार रुंद करता येईल, बाहेर उघडणारं करता येईल म्हणजे आत कोणी पडलं तर बाहेरून ओढून उघडता येईल, आधाराचे दांडे बसवता येतील, उजेड वाढवता येईल. त्या तीन पायऱ्यांचं काय करायचं ते मात्र कळत नाही. सोसायटीत आमच्यासारखी पुष्कळ माणसं म्हातारी होतायत, सगळ्यांनी मिळून काही केलं असं उदाहरण आहे का कोणाकडे?

भर घालते आहे, काही प्रतिसाद वाचल्यावर.

आधी भाड्याने राहून बघा असं बऱ्याच जणांनी सुचवलंय, ते आम्हाला दोघांनाही पटलं. फ्लॅट विकायचा नाही, डोंगराजवळ भाड्याने घर घ्यायचं आणि तिथला सगळ्यात वाईट ऋतू काढायचा, चांगला ऋतू तर पाहुणा म्हणूनही काढता येतो. मी त्यात एक अट घातली आहे. दोघांनी तिथे थोडे थोडे दिवस एकटं राहायचं, गाडी न वापरता. आधी मी, मग तो. औषधं आणणं, डॉक्टरकडे जाऊन येणं, नळ बिघडला तर माणूस शोधणं, सगळं एकट्याने करायचं. नवरा आधी हसला, नंतर स्वतःच म्हणाला की हे बरोबर आहे, मलाही कळायला हवं मी तिथे एकटा काय करतो ते. तेव्हापासून आमचं बोलणं जरा मोकळं झालंय, कारण आता मी त्याच्या स्वप्नाला नाही म्हणत नाहीये आणि तो माझ्या काळजीला वेड म्हणत नाहीये.

एकांनी विचारलंय की ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत का जात नाही. त्याला माझा विरोध नाही, जेवण आणि नर्स जवळ असणं ही मोठी सोय आहे. पण मला आजूबाजूला लहान मुलं, कॉलेजची पोरं, सगळ्या वयाची माणसं हवीत, आणि तिथल्या करारात आपण अंथरुणाला खिळलो तर ठेवून घेतात की जायला सांगतात, जोडीदार गेल्यावर दुसऱ्याचे हक्क काय, सोडून जायचं म्हटलं तर किती पैसे परत मिळतात, हे आधी नीट वाचायला हवं. कोणी तसा करार केला असेल तर कोणतं कलम पुढे महत्त्वाचं ठरलं ते सांगा.

आता नेमकं कोणाकडून काय हवंय ते सांगते. जे आवडीच्या जागी गेले आणि पुढे परत हलले, त्यांनी हलायची वेळ कशी ओळखली? आधीच काही ठरवून ठेवलं होतं का, म्हणजे गाडी चालवणं बंद झालं की निघायचं, किंवा एखादं मोठं ऑपरेशन झालं की निघायचं, असं काही? मला वाटतं दोघं धडधाकट असतानाच असा ठराव लिहून ठेवला आणि मुलांना सांगून ठेवला तर नवऱ्याचा मार्गही निभेल, पण प्रत्यक्षात वेळ येते तेव्हा माणूस तो ठराव पाळतो का? आणि ज्यांचे आई किंवा वडील आज एकटे राहतायत, त्यांनी कृपया जरूर लिहा. आईवडिलांना त्या जागेतली कोणती गोष्ट रोज उपयोगी पडतेय आणि कशासाठी त्यांना दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतंय, ते मला कळलं तर भाड्याचं घर बघायला जाताना काय काय तपासायचं ते ठरवता येईल. पुढच्या महिन्यात घरं बघायला निघतोय.