मदत हवी आहे: इम्पॅक्ट रिपोर्टचा तयार फॉरमॅट (तातडीचे!)

घिसाडघाई:
शुक्रवारपर्यंत इम्पॅक्ट रिपोर्ट द्यायचाय. सामाजिक आणि पर्यावरणीय, दोन्ही. शोधायला गेलो तर जीआरआय, एसआरओआय, ईएसजी, स्कोप अमुक, स्कोप तमुक... डोकं बधिर झालं. आकडे भरले की झालं, असा फॉरमॅट आहे का कुणाकडे? "आधी वाचन करा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

तळटीप:
व्यवसाय कसला? रिपोर्ट मागितला कुणी? बँकेनं, गुंतवणूकदारानं, ग्राहकानं? कुठल्या कालावधीचा?

घिसाडघाई:
व्यवसाय कसलाही असो, फॉरमॅट तोच असणार ना? लहान युनिट आहे आमचं.

मोजपट्टी:
तोच नसतो हो, तिथेच तर सगळे अडकतात. गुंतवणूकदाराला कळायचं असतं की हवामानबदलाने तुमच्या धंद्याला काय धोका आहे. आयएसएसबी, म्हणजे अशा अहवालांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारं मंडळ, त्याचे २०२३चे निकष त्या अंगाचे. जीआरआय ही निकषांची दुसरी चौकट, ती उलटं विचारते, तुमच्या धंद्यामुळे लोकांचं आणि निसर्गाचं काय झालं? कारखाना एकच, पण रिपोर्ट दोन निघतात.

सव्वाशेर:
एवढं कशाला? एसआरओआय काढा, म्हणजे गुंतवणुकीवरचा सामाजिक परतावा. १ गुंतवला, समाजाला ४ मिळाले. एका ओळीत विषय संपला. आम्ही हेच करतो, लोक खूश असतात.

मोजपट्टी:
तो ४ आला कुठून? डेडवेट वजा केलंत का? तुम्ही काम दिलं नसतं तरी काहींना दुसरीकडे मिळालंच असतं, तेवढं श्रेय तुमचं नाही. आणि "आत्मविश्वास वाढला" याला भाव कोण लावणार, तुम्हीच ना?

सव्वाशेर:
भाव नाही लावला तर हिशेबवाले तिथे शून्य धरतात. माझा अंदाज चुकत असेल, पण शून्य तर हमखास चूक.

हिरवळ:
बी कॉर्प करून टाका, समाज-पर्यावरण जपणाऱ्या कंपन्यांना मिळतं ते. ८० गुण मिळाले की सर्टिफिकेट हातात.

तळटीप:
८० गुणांची पद्धत मोडीत निघाली. ते सर्टिफिकेट देणाऱ्या बी लॅबने एप्रिल २०२५ मध्ये नवे निकष आणले, आता सात विषयांपैकी प्रत्येकात किमान अटी पाळाव्या लागतात. एका विषयात चमकून दुसरा झाकता येत नाही. आणि शुक्रवारपर्यंत??

निवांत_काका:
झाडे लावा. फोटो काढा. रिपोर्टात पाय चार्ट टाका. पाय चार्ट कसा काढायचा ते हवे असल्यास सांगतो.

घिसाडघाई:
काका, चार्ट येतो मला.
रद्दीपासून पुठ्ठा आणि त्याची खोकी बनवतो. बॉयलर डिझेलवर. चाळीसेक माणसं, बहुतेक बायका. झालं समाधान?

मोजपट्टी:
आता कसं! डिझेल म्हणजे स्कोप १, तुम्ही स्वतः जाळलेल्या इंधनाचं उत्सर्जन. वर्षाचे लिटर गुणिले साधारण २.७, इतका किलो कार्बन डायऑक्साइड. विकतची वीज बनवताना झालेलं उत्सर्जन स्कोप २, युनिटला आपल्या ग्रिडचा अधिकृत गुणक (एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) लावायचा.

शंकासुर:
एक लिटर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही. त्यातून २.७ किलो निघतं कसं?

मोजपट्टी:
जळताना १२ भाग कार्बन हवेतला ३२ भाग ऑक्सिजन ओढून घेतो. वजन त्याचं.

शंकासुर:
मग ऑक्सिजन हवेचा, बिल आमच्या नावावर का?

हिरवळ:
धागा भरकटतोय, वेगळा काढा.

तळटीप:
"इतक्या जणींना रोजगार दिला" हे नुसतं आउटपुट, म्हणजे केलेल्या कामाची मोजदाद झाली. वर्षभर टिकल्या किती, मजुरी आधीपेक्षा वाढली का, पगारी रजा मिळते का, हे पुढचं. सुरुवातीच्या नोंदी नसतील तर "वाढली" लिहूच नका, पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि कृपा करून मूळ पत्रातला मजकूर इथे चिकटवा.

घिसाडघाई:
घ्या: "गेल्या आर्थिक वर्षातील इंधन व वीजवापर, आम्हाला पुरवलेल्या मालाच्या प्रमाणात उत्सर्जन, तसेच कामगारसंख्या, वेतन व अपघातांची नोंद कळवावी." ग्राहक कंपनी आहे, आमचा निम्मा माल तेच घेतात.

मोजपट्टी:
अहो, यात इम्पॅक्ट रिपोर्ट कुठे मागितलाय? त्यांना स्वतःचा स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांसकट त्यांच्या मागेपुढे होणारं उत्सर्जन, भरायचाय. त्याच्या १५ प्रकारांतला पहिलाच प्रकार, विकत घेतलेला माल. डिझेलची आणि विजेची बिलं काढा, एकूण उत्सर्जन मांडा, वर्षभरात किती टन खोकी गेली आणि त्यातली त्यांची किती, त्या प्रमाणात वाटा काढा. रद्दी तुमच्या दारात येईपर्यंतचं उत्सर्जन हवंय का, एवढं त्यांनाच विचारून घ्या. कामगारांचं सगळं हजेरीपटात आणि पगारपत्रकात सापडेल. बसलात तर दोन दिवसांचं काम.

सव्वाशेर:
तरी सोबत एसआरओआय जोडा, छाप पडते.

तळटीप:
न मागितलेला आकडा जोडला की त्याचा पुरावाही मागतात.

घिसाडघाई:
जनरेटरचं डिझेल वेगळ्या बिलावर आहे, तेही धरायचं?

मोजपट्टी:
धरायचं. मालाची गाडी स्वतःची असेल तर तिचंही.

घिसाडघाई:
गाडी भाड्याची, पण डिझेल आम्ही भरतो. मग?

तळटीप:
गाडी वर्षभर तुमच्याच ताब्यात असते, की फेरीपुरती बोलावता?