पहिल्या फेरीनंतर माणूस परत का येत नाही?

खर्चामुळे नवे लोक ग्लायडिंगकडे (बिनइंजिनाच्या विमानातून उडण्याकडे) वळत नाहीत, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. हौसेने एकदा बसून जाणारे बरेच असतात, परत येणारे कमी. विंच (जमिनीवरचं केबल गुंडाळणारं यंत्र) ग्लायडरला केबलने ओढून मिनिटभरात 300-400 मीटर वर नेतं, थर्मल (वर चढणारी गरम हवा) नाही सापडला की 5-6 मिनिटांत पुन्हा खाली. तेवढ्यासाठी अख्खा दिवस मैदानात! त्यात जुनी मंडळी आपसातच ग्लाइड रेशोच्या (ठराविक उंचीवरून ग्लायडर किती लांब जातो त्याच्या) गप्पा ठोकत बसतात (मीही त्यातलाच).

नवख्याला कामाला लावा की. नीट समजावून पंखाचं टोक धरायला द्या. ग्लायडर सुटताना त्याच्याबरोबर चार पावलं पळण्यात मजा असते. आणि वर गेल्यावर नुसतं मिरवून आणू नका. कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) चिकटवलेला लोकरीचा धागा दाखवा. तो तिरका झाला की पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) देऊन सरळ करायचा, एवढंच सांगा आणि उंची असेल तर प्रशिक्षकाने स्टिकही (ग्लायडर चालवायची दांडी) थोडा वेळ त्याच्या हातात द्यावी. ग्लायडर वर चढू लागला आणि व्हेरिओमीटर (चढ-उतार सांगणारं यंत्र) पीं-पीं करायला लागला की बडबडा माणूससुद्धा गप्प होतो.

पुढची तारीख मात्र तो निघायच्या आधीच ठरवा. ‘नंतर फोन करू’ म्हटलं की गेलाच तो.