काँक्रीटच्या गच्चीवर लाकडी डेक: सांगाडा स्लॅबला ठोकायचा का?

गच्चीकर:
गच्चीवर बारा बाय दहा फुटांचा लाकडी डेक करायचा आहे. खाली स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, पाण्याला जाळीकडे उतार. सुतार म्हणतात, बॅटन (फळ्यांखालच्या सांगाड्याच्या लाकडी पट्ट्या) स्लॅबला स्क्रूने आवळू, नाहीतर डेक हलेल. माझं मन धजत नाही. दुसरा मार्ग आहे का?

रंधा:
भोकं पाडू देऊ नका, ताई. प्रत्येक स्क्रू वॉटरप्रूफिंग फोडतो, आणि गळती डेकखाली कुठून सुरू झाली ते नंतर सापडत नाही. सगळ्या बॅटन आडव्या तुकड्यांनी एकमेकींना जोडल्या आणि वरून फळ्या आवळल्या की सांगाडा एकसंध होतो, स्वतःच्या वजनावर बसतो. फक्त उंच इमारतीची उघडी गच्ची असेल तर वारा डेक उचलू शकतो. तिथे इंजिनिअरला विचाराच.

मी बॅटन नेहमी उताराच्या दिशेने टाकतो. आडव्या टाकल्या तर प्रत्येक बॅटन बांध होऊन पाणी अडवते. शंभराला एक उतार धरला तरी दहा फुटांत सव्वा इंचाचा फरक पडतो. तो भरायला उंची फिरवून बदलता येणारे प्लास्टिकचे पाय किंवा रबराच्या चकत्या घ्या. लाकडाच्या पाचरी नकोत, त्या आधी कुजतात. इंचभर जाडीच्या फळीला बॅटनमधलं अंतर सोळा इंच, दोन फळ्यांत 5 मिमी फट. स्क्रू स्टेनलेसचेच.

पायरी:
उंबरा आणि कठडा आधी मोजा. डेक चार इंच उचलला की कठडा तेवढाच बुटका होतो. घरात मुलं असतील तर हे फार महत्त्वाचं.

गच्चीकर:
दोघांचेही आभार. कठड्याचं लक्षातच आलं नव्हतं. बॅटन कापल्यावर टोकांना काही लावायचं का? आणि जाळी डेकखाली जाते आहे, चालेल?

रंधा:
टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात. कापल्या कापल्या तिथे लाकूड-संरक्षक द्रावण दोनदा लावा, प्रक्रिया केलेलं लाकूड असलं तरी, कारण कापल्यावर आतला कोरा भाग उघडा पडतो. बॅटनच्या माथ्यावर बिट्युमेनची चिकटपट्टी घाला, स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत नाही. जाळी खाली चालेल, पण तिच्यावरच्या फळ्यांचा वेगळा, उचलता येणारा चौकोन करा. पावसाळ्याआधी पाला काढावाच लागतो. आणि सांगाडा घालण्याआधी जाळी बंद करून स्लॅबवर दोन दिवस पाणी साठवून पाहा. खालच्या छताला ओल दिसली तर आधी तेच काम.